दाखल्यातला रिकामा रकाना

पोरीचा जन्मदाखला मी आठवणीनं बरोबर घेतला होता. त्यात पोरीचं नावच नाही, हे मात्र नेपाळच्या सीमेवर उभं राहून पहिल्यांदा वाचलं.

बाळंतपण देवळाली प्रवऱ्याला, तिच्या आजोळी झालं. बारशाआधीच नोंद झाल्यामुळे नावाचा रकाना कोरा राहिला. ‘बारसं झालं की अर्ज करा, नाव घालून देऊ,’ असं कारकुनानं सांगितलं होतं. मी ‘उद्याच येतो’ म्हणालो. पोरगी आता साडेसहा वर्षांची आहे.

संगमनेरहून पशुपतिनाथाला यात्रेची बस निघणार होती. आम्ही सोनईचे, बसमधलं कुणी ओळखीचं नव्हतं. दोन जागा धरल्या आणि ऐन वेळी बायकोनं अंग काढून घेतलं. ‘‘गाय आठ दिसांत व्यायची हाय. तिला तुमच्या भावांच्या भरवशावर टाकून मी न्हाई यायची अन् मी गोठ्यात असताना तुमी एकटे जायचं बी न्हाई. पोरीला न्या. ती ध्यान ठेवील.’’ कशावर ध्यान, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. महिन्यापूर्वी देवापुढं हात जोडून मी तंबाखू सोडली होती.

आता माझ्या स्वभावाचं सांगतो. मोबाईलवर पोरं पळवणाऱ्यांचे इतके व्हिडिओ पाहिले होते, की बसमधले चाळीस जण मला चाळीस टोळ्या वाटत होते. शेजारच्या सीटवर संगमनेरच्या एक मावशी होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पोरीला राजगिऱ्याचा लाडू दिला. कोण कुठली बाई, लाडू का देते? मी तो पोरीच्या हातातून काढून घेतला. टाकवेना, म्हणून मीच खाल्ला. तासाभरात मला गाढ झोप लागली. उठल्यावर तर माझी खात्रीच पटली.

तेव्हापासून पोरीला खिडकीशी बसवून मी तिचं मनगट धरून होतो. बाथरूमला गेली तरी दाराबाहेर मी. वर रोज शिकवणी: ‘‘कुणी नाव विचारलं तर सांगायचं नाही. बापाचं विचारलं तर मुळीच नाही.’’ पोरगी आईवर गेली आहे. एकदा सांगितलेलं विसरत नाही.

तिसऱ्या दिवशी गोरखपूरच्या पुढं सीमा आली. बस थांबली. लोक ओळखपत्रं दाखवून कमानीखालून पलीकडे चालले होते. माझं मतदानकार्ड बघून झालं. मग टेबलामागच्या खाकीतल्या मॅडमनी पोरीचे कागद मागितले. मी रुबाबात दाखला पुढं केला.

‘‘इसमें बच्ची का नाम कहाँ है?’’

मी बघितलं. बापाचं नाव होतं, ते माझं. आईचं होतं, ते माहेरचं; लग्नात नाव बदललं, ते तिथं पोचलंच नव्हतं. आणि बाळाच्या नावापुढं नुसती रेघ. म्हणजे मला एक मुलगी आहे, एवढं सरकारला मान्य होतं. ती हीच, असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

मी घाईघाईनं आधार कार्ड काढलं. ते पोरगी सात महिन्यांची असताना, जावळ काढल्याच्या आठवड्यात केलेलं. त्यावर नाव होतं, पण फोटो बदलून घ्यायचा राहिला तो राहिलाच. मॅडमनी एकदा त्या गोट्याकडे पाहिलं, एकदा समोरच्या दोन वेण्यांकडे.

‘‘बेटा, नाम क्या है तुम्हारा?’’

पोरीनं ओठ घट्ट मिटले आणि माझ्याकडं बघितलं. सांगू का? असं ते बघणं. मॅडमनी ते टिपलं. त्यांचा आवाज आणखी मऊ झाला, म्हणजे माझी धडगत नव्हती.

‘‘ये कौन हैं?’’

यावर मी काही बंदी घातली नव्हती. ‘‘दादा,’’ ती म्हणाली.

‘‘दादा? भाई, या पापा के पापा?’’ त्यांनी माझ्या पिकल्या मिशीकडं पाहिलं. ‘‘और पापा कहाँ हैं?’’

‘‘पप्पा घरी!’’

आमचं एकत्र घर. धाकटा भाऊ मला दादा म्हणतो, म्हणून पोरगीही दादाच म्हणते. थोरल्या भावाला त्याची पोरं पप्पा म्हणतात, म्हणून हीसुद्धा त्याला पप्पा म्हणते. साडेसहा वर्षांत सोनईत कुणालाच यात वावगं दिसलं नाही. हे सगळं मी हिंदीत समजावून सांगायला गेलो. सांगता सांगता मलाच ते खोटं वाटायला लागलं.

‘‘किस क्लास में है?’’

‘‘बालवाडी,’’ मी ठोकून दिलं.

‘‘पहिलीत हाय मी!’’ पोरगी फणकारली.

मॅडम उठल्या. पोरीचा हात माझ्या हातातून सोडवून त्यांनी तिला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. मध्ये टेबल आलं. ‘‘जब तक पक्का नहीं होता, बच्ची यहीं रहेगी.’’ तीन दिवस मी ज्याला भीत होतो तेच झालं होतं: माझी पोरगी कुणीतरी माझ्यापासून काढून घेतली होती. आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. हात मोकळा पडला आणि त्याचं काय करावं ते कळेना.

‘‘बस में कोई जानता है इन्हें?’’

कमानीजवळून मावशी आल्या. मी त्यांच्याकडं असं बघितलं, की दगडाला पाझर फुटावा.

‘‘जानेंगे कैसे, मॅडम? ये किसी से बोलताच नहीं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘तीन दिन से छोरी का हाथ पकड़ के बैठा है. मेरा लाडू उसके हाथ से छीन के खुद खाया. मेरे को तो पहलेच डाऊट आया था.’’

मग बायकोला व्हिडिओ कॉल लावायचं ठरलं. मॅडमनीच फोन हातात घेतला. तिकडं रिंग वाजत होती, इकडं एका शिपायानं मला खिसे रिकामे करायला लावले. रुमाल, पाकीट, कंगवा. आणि मग चुन्याची डबी अन् तंबाखूची पुडी.

पोरगी खुर्चीवर उभीच राहिली. ‘‘दादा! सोडली हुती ना तुमी? देवाम्होरं हात जोडले हुते! थांबा, आईला सांगते!’’ तेवढ्यात पडद्यावर गोठा दिसला, मग बायको. ‘‘आई, दादांच्या खिशात पुडी घावली!’’

मी मान खाली घातली. शिपाई हसला. मॅडमनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. ‘‘ऐसे तो बच्चे अपने बाप को ही डाँटते हैं,’’ म्हणून त्यांनी कागद माझ्याकडं सरकवले. पोरगी खुर्चीवरून उडी मारून आली आणि माझं बोट न धरता डबी जप्त करून बसली.

‘‘बस, एक बार आप बोल दीजिए,’’ मॅडम फोनमध्ये म्हणाल्या. ‘‘ये आपके पति हैं ना?’’

बायको पडद्यातून माझ्याकडं बघत राहिली. मागं गाय हंबरली.

‘‘हैं तो मेरेच,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘पर छोरी को वापस भेज दो मॅडम, और इनको उधरच रख लो.’’