जेरोमच्या हातचा स्क्रू

अल्बिना ओर्साकचा रानडुकरांवर राग होता आणि त्याबद्दल आमच्याकडे तिला कुणी नावं ठेवली नसती. लावाका नदीकाठचं तिचं गवताचं कुरण डुकरं एका रात्रीत उकरून ठेवायची, आणि मग गवत कापणारा आपलं यंत्र त्या खड्ड्यांत घालायला तयार व्हायचा नाही. गावात तिच्याबद्दल बोलणं व्हायचं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. एवढी नेमबाज बाई, आणि डुकरावर कोल्ह्याची गोळी झाडते, असं लोक चर्चच्या पायरीवरही म्हणायचे आणि बिअर पितानाही म्हणायचे. बंदुकीच्या विषयावर टेक्सासात मत नसलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

मोठ्या बंदुकीचा दणका अल्बिनाच्या खांद्याला सोसेना, म्हणून तिच्या नवऱ्यानं, जेरोमनं, तिला बारीक नळीची एक जुनी रायफल आणून दिली होती. तिची काडतुसं तो घरीच भरायचा. गराजमधल्या टेबलावर हातानं दाबायचं यंत्र होतं, त्यात पोलादी साचा, आणि साच्याच्या माथ्यावर एक स्क्रू. गोळी काडतुसाच्या पितळी पुंगळीत किती खोल बसायची ते हा स्क्रू ठरवतो. गोळी बदलली की स्क्रूही फिरवावा लागतो. जेरोमनं शेवटचा तो फिरवला तेव्हा कोल्हे वासरांच्या मागे लागले होते. कोल्ह्याला पातळ सालीची हलकी गोळी पुरते, आत शिरताच फुटते. तेवढी काडतुसं भरून तो जेवायला आला, नूडल्सचं सूप दोनदा मागून घेतलं, आणि त्याच आठवड्यात गेला.

अल्बिनानं त्याचे कपडे चर्चला दिले. अकॉर्डियन वाजवणाऱ्याच्या हाती गेलं. स्क्रूला मात्र तिनं बोट लावलं नाही. जेरोमचा हात जिथं थांबला, तिथंच तो स्क्रू थांबला होता. रिकाम्या पुंगळ्या ती स्वतः भरायची, पण त्याच हलक्या गोळीनं, म्हणजे काहीच फिरवायला नको. दांडा खाली दाबताना तो शेजारी उभा आहे असं तिला वाटायचं. तेवढ्यासाठी ती गरजेपेक्षा जास्त काडतुसं भरायची.

हे एकट्या लिओनार्डला माहीत होतं. जेरोमच्या भावाचा हा मुलगा, खाटीक, पन्नाशी उलटलेला. डुकरं सोलायला तिच्याकडे यायचा आणि खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, बसल्या जागी फस्त करून जायचा.

"तेता, ऐक ना माझं," तो म्हणायचा. तेता म्हणजे आमच्या चेक बोलीत काकू. "मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट ढाल असते. माझी सुरी अडते तिथं. तुझी ती पापडासारखी गोळी काय करणार?"

"मी कानामागं मारते. तिथं काही ढाल नसते."

"आणि त्यानं मान वळवली तर?"

"तू खा रे. तोंड भरलेलं असलं की बरा असतोस."

ऑक्टोबरात एका संध्याकाळी कुरणात थोराड काळा नर आला. अल्बिनानं कानामागचा नेम धरला, चाप ओढला, आणि नेमकी तेव्हाच त्यानं मान वळवली. गोळी खांद्यावर बसली. तो किंचाळला, पण पडला नाही. उधळून नदीकडच्या काटेरी झाडीत घुसला. लिओनार्ड बॅटरी आणि कुत्रा घेऊन आला, दोघांनी झाडी पिंजून काढली, रक्ताचे थेंब ओढ्यापर्यंत गेले आणि संपले.

नर सापडला तिसऱ्या दिवशी दुपारी, लिओनार्डलाच. चिखलात एका कुशीवर पडलेला होता आणि अजून जिवंत होता. लिओनार्डनं त्याला मारून सोडवलं आणि खांद्याचा तुकडा कापून अल्बिनाकडे आणला. ढालीवर तळहाताएवढी जखम होती, उथळ, आणि तिच्यात गोळीचा चुरा. आत काहीच गेलं नव्हतं.

आज लिओनार्ड चेष्टेवर आला नाही. "काका असता तर काय म्हणाला असता, ते मी सांगत नाही," एवढंच तो म्हणाला.

सांगायची गरजच नव्हती. जखमी जनावर तसंच सोडून घरी येणाऱ्याशी जेरोम बोलायचा नाही. सख्ख्या भावाशी त्यानं एकदा इस्टरपासून नाताळपर्यंत अबोला धरला होता. आणि इथं त्याचा स्क्रू जपायच्या नादात तिनं एका जनावराला दोन रात्री चिखलात तडफडत ठेवलं होतं. अल्बिनाला स्वतःची लाज वाटली. तो समोर असता, अबोला धरून का होईना, तर बरं झालं असतं असंही तिला वाटलं.

तरी तिनं पळवाट शोधलीच. तयार काडतुसं विकत आणली तर स्क्रू जागच्या जागी राहणार होता. लिओनार्डनं निव्वळ तांब्याची लांब गोळी असलेल्या काडतुसांचा एक डबा आणला. तिनं कुरणाच्या टोकाला पुठ्ठा लावून झाडली. भोकं गोल पडायच्या ऐवजी लांबट पडली. गोळ्या आडव्या होऊन लागत होत्या.

"तुझ्या नळीतले आटे जुन्या पद्धतीचे आहेत, सैल," लिओनार्ड पुठ्ठा निरखत म्हणाला. "एवढ्या लांब गोळीला पुरती गिरकी मिळत नाही. तुला वजनदार हवी, पण लांब नको. जाड सालीची, साठ ग्रेन वजनाची. ती चालेल."

"मग तिचा डबा आण."

"तयार काडतुसात ती इथं मिळत नाही, तेता. दुकानात नुसत्या गोळ्या आहेत. भराव्या लागतील." तो बुटाच्या टोकानं गवत उकरत राहिला. "मी फिरवून देऊ का स्क्रू?"

"नको," ती म्हणाली. "फिरवायचाच तर मी फिरवीन."

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर चर्चचे कपडे न बदलताच ती गराजमध्ये गेली. स्क्रूला पक्कं धरून ठेवणारा एक नट असतो. तो आधी सैल करावा लागतो. इतकी वर्षं बसलेला, चिकटला असणार, म्हणून तिनं तेल टाकलं आणि मोठा पाना घेतला. पाना लावायच्या आधी सहज बोट लावून पाहिलं, तर नट आपसूक फिरला.

तो आवळलेलाच नव्हता. जेरोमनं तो मुळी आवळलाच नव्हता. सूप पिऊन परत येणार होता, आणखी काही फिरवून बघणार होता, म्हणून तसाच सोडून गेला होता. म्हणजे तिच्या प्रत्येक दाबासरशी स्क्रू केसभर हलत आला असणार. जेरोमचा हात जिथं थांबला होता ती जागा केव्हाच निसटली होती, आणि निसटली तीही तिच्याच हातून.

अल्बिना स्टुलावर बसली आणि रडली. दफनाच्या दिवशी पाहुणे होते, स्वयंपाक होता, तेव्हा असं रडायला फुरसत मिळाली नव्हती. तिला जेरोम हवा होता. त्याची वस्तू नको, आठवण नको, हा कामं अर्धवट टाकून जेवायला येणारा माणूस हवा होता.

मग उठून तिनं साठ ग्रेनची गोळी पुंगळीच्या तोंडावर ठेवली, दांडा दाबला. फार खोल गेली. ते काडतूस बाजूला ठेवून तिनं स्क्रू वर घेतला, दुसरी गोळी बसवली, मापून पाहिली. अजून किंचित वर. तिसरी मापात बसली. ती थांबली. जेरोम असताना ती कधीमधी यंत्रापाशी उभी राहिली की तो मागून "अजून थोडं" किंवा "बस, पुरे" असं सांगायचा, आणि त्याशिवाय ती तेव्हा कधी हात काढत नसे. ती तशीच मान किंचित वळवून उभी राहिली.

मागून कुणी काही बोललं नाही. मग "बस, पुरे," असं तिनंच म्हटलं आणि पाना घेऊन नट घट्ट आवळला.