खानावळीतली सावड

आसनगाव स्टेशनासमोरच्या खानावळीत धाऊ पाणी भरायचा, भांडी घासायचा, गर्दी झाली की ताटंही वाढायचा. त्या आषाढात मात्र त्याचा जीव एका जागी ठरत नव्हता. ताटं विसळता विसळता उठून दाराशी जायचा, आभाळ बघायचा, परत यायचा. भाताचं रोप तयार होऊन पिवळं पडायला लागलं होतं आणि लावणीला, त्याच्या बोलीत आवणीला, माणूस नव्हतं.

त्याला कारण होतं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. आग्रा रोडवरून लष्कराच्या लॉऱ्या धावायच्या, गाड्या वाटेल तेव्हा यायच्या, आणि धाऊ घरी निघाला की खानावळीचा मालक महिपतशेठ त्याला अडवायचा, "आजच्या दिवस थांब रे. तुझ्या कामाची फेड करीन." मुंबईत म्हणे हॉटेलातल्या नोकरांच्या तासांचा कायदा झाला होता, आसनगावात शेठ म्हणेल तोच कायदा. धाऊ थांबायचा, तोही बिनघोर. त्याच्या गावात कामाची फेड कामानंच व्हायची. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, याला सावड म्हणत. लावणीला खानावळ बंद ठेवून शेठ बायकोसकट आपल्या चिखलात उतरणार, असं हा भला माणूस धरून बसला होता! त्या भरवशावर यंदा तो गावात कोणाच्याच लावणीला गेला नाही. मग त्याच्याकडे कोण येणार?

शेवटी त्यानं विचारलंच. "शेठ, माज्या आवणीला कवा येता?"

"कशाला?"

"येवढी सावड चढलीय ना तुमच्यावर."

शेठ आधी हसला, मग चिडला. "मी तुझ्या शेतात राबू? हे घे." त्यानं गल्ल्यातून रुपये काढले. थांबलेल्या वेळेचे ते वाजवी होते. शेठ काही लबाड नव्हता.

"आता पैशाला माणूस गावत नाय, शेठ. सगला गाव एकमेकाच्या सावडीत गुतलाय. माजं रोप मरल!" धाऊचा आवाज फाटला. रुपये तिथंच टाकून तो तडक घरी निघाला.

दुसऱ्या दिवशी तो आणि त्याची बायको गोजर दोघंच शेतात उतरली. धाऊ रोप उपटायचा, अर्धवट टाकून लावायला धावायचा, पुढचं रिकामं शेत बघून उगाच गोजरवर ओरडायचा. तेवढ्यात बांधावरून कासोटा घातलेली एक बाई आली. शेठची बायको, सकुबाई.

"ते येणार नाहीत. घरचं माणूस आलं तर चालतं ना?" असं म्हणून ती वाकली. तिचं माहेर मुरबाडकडचं, भाताचंच. हात काही विसरला नव्हता. शेजारच्या शेतातला लडकू आधी बघतच राहिला, मग त्यालाच लाज वाटली. "शेठाणी चिखलात आन् आमी बगत ऱ्हायचं?" म्हणत तो घरच्यांना घेऊन आला. दिवस मावळायच्या आत शेत लावून झालं. धाऊच्या डोळ्यांना धार लागली, आणि त्यानं ती लपवलीही नाही.

हातपाय धुताना गोजरनं विचारलं, "बाई, तुमची सावड कवा फेडू?"

"माझी कसली? ही तर आमच्याकडची फेड."

"शेठ यांना थांबवायचं, तवा चुलीपुढं कोन असायचं?"

"मीच."

"मंग त्याची फेड तुमाला कोनी केली?"

लग्न झाल्यापासून हे सकुबाईला कोणी विचारलं नव्हतं. धाऊनंही नाही, आणि तो तर रोज संध्याकाळी तिच्याच शेजारी भांडी घासत स्वतःच्या उशिरावर कुरकुरायचा. त्याला मान वर करवेना.

"फेडायचीच तर," सकुबाई हळूच म्हणाली, "मला एक दिवस निजायचंय गो. दिवस वर येईस्तोवर."

सकाळी खानावळीची चूल गोजरनं पेटवली. शेठ डोळे चोळत आला, इकडेतिकडे बघून म्हणाला, "सकू कुठाय? हाक मार तिला."

धाऊ दारात आडवा उभा राहिला. "निजल्यात त्या, शेठ. काय पायजे ते मला सांगा."