भुऱ्याची जागा

भद्रावतीत आमच्या शेजारी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक चाचा राहायचे. लग्नं नसली की संध्याकाळी अंगणात खाट टाकून सराव करत. खाली लुंगी, वर मात्र बँडचा लाल कोट. "कोट नाई घातला तं दम पुरत नाई," म्हणत.

त्यांनी वरचा सूर लावला की आमचा कुत्रा भुऱ्या मान वर करून रडायला लागे. बाबा चप्पल घेऊन धावत.

"काऊन मारता भाऊ त्याले? माह्या ढोलवाल्यापेक्षा बरा हाय तो!"

पुढे पुढे तर चाचा त्या सुरानंतर मुद्दाम थांबत, भुऱ्याला मनसोक्त रडू देत आणि मगच पुढची ओळ घेत.

भुऱ्या म्हातारपणाने गेला. काही दिवस क्लॅरिनेट बंदच होतं. मग एका संध्याकाळी ते वाजलं आणि नेमकं त्या जागी येऊन थांबलं. पुढे सरकेचना. आम्ही पडवीत बसलो होतो. तेवढ्यात, आरतीतही नुसते ओठ हलवणाऱ्या बाबांनी मान वर केली आणि लांबलचक "ऊऊऊ" काढलं.

कुंपणापलीकडे खाट करकरली. मग चाचा म्हणाले, "राहू द्या भाऊ. भुऱ्या सुरात रडे."