पद्माक्कासाठी चटणीची बाटली

हे मी आजवर नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही. अंबाबाईसमोर हात जोडून उभी राहिले तेव्हासुद्धा ऐनवेळी विषय बदलला — देवीला पोरीच्या परीक्षेचं सांगितलं आणि परत आले. मग तुम्हाला का सांगते आहे? कारण तुम्ही मधेच थांबवणार नाही. मला कुणी मधे थांबवलं की मी खोटं बोलते.

चटणीपासून सुरुवात करते. तिथून सोपं जाईल.

उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघरी कांदा-लसूण चटणी होते. मिरच्या वाळवायच्या, मसाला भाजायचा, डंकावर नेऊन कांडून आणायचा. त्या वर्षी माझी जुई पाळणाघरातून मोठ्या शाळेत जाणार होती. पाळणाघर पद्माक्काचं. बाई शिरोळकडची, जैन, नवऱ्याचं शेजारीच सायकल दुरुस्तीचं दुकान. जुई रांगत होती तेव्हापासून तिच्याकडे. मी पतसंस्थेत, नवरा फौंड्रीत, सासू गावी — पोर वाढली ती अक्काच्याच मांडीवर. आम्हा आयांचा मोबाईलवर ग्रुप होता. तिथं ठरलं, की पोरं जायच्या आधी प्रत्येकीनं अक्काला काहीतरी द्यायचं. साडी-बिडी नको, ती घेत नाही. थोडक्यातलं, पण आपल्या हातचं. कुणी पोरांच्या हाताचे ठसे काढलेली पिशवी म्हणालं, कुणी कुंडीतलं रोप. मी लिहिलं, आमच्याकडून घरची चटणी. माझ्या चटणीचं कौतुक होतं — अजून होतं.

अजून मुद्द्यावर आले नाही, ठाऊक आहे मला.

माझा राग नाकावर. माहेरी हे हसून सांगायचे. आमच्या कोल्हापुरात पोरगी रागीट निघाली की ‘तिखट हाय’ म्हणून कौतुकच होतं. मीही ते कौतुक मिरवलं. जुईला मी त्याआधी कधी मारलं नव्हतं का? मारलं होतं. चापट, धपाटा. ज्याला आपण मारणं म्हणत नाही, तसलं.

त्या संध्याकाळी मी तिला अक्काकडून घेऊन आले आणि डंकावरची चटणी बरण्यांत भरायला बसले. दिवसभर पतसंस्थेत साहेबाची बोलणी खाल्ली होती, हात मिरचीनं भगभगत होते. जुई समोर बसली होती, रंगाची वाटी घेऊन. बाटलीवर चिकटवायच्या कागदावर तिच्या हाताचा ठसा घ्यायचा होता. मी म्हणाले, ही चटणी अक्काला द्यायची. तर ती म्हणाली, “अक्का कांदा-लसूण खात न्हाय.”

मला हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं जिच्या दारात पोर सोडली, ती काय खाते हे मी विचारलं नव्हतं. आणि पोर सांगतच सुटली. अक्काला अबोलीची फुलं आवडतात, हिरव्या बांगड्या आवडतात. ती दिवस मावळल्यावर जेवत नाही. आणि मग — “तू उशिरा येतीस. मग ती माझ्यापाशीच बसती आणि तशीच झोपती. न जेवता.”

चार-साडेचार वर्षांच्या पोरीच्या बोलण्यात आरोप नसतो. तिनं फक्त सांगितलं. मला मात्र तो भर चौकातला पाणउतारा वाटला. तळपायाची आग मस्तकात गेली, तरी मी हसून विचारलं, आणि मला काय आवडतं गं?

तिनं विचार केला. खरंच केला, डोळे वर करून. आणि म्हणाली, “मोबाईल.”

माझ्या हातात डाव होता, चटणी भरायचा. स्टीलचा, लांब दांड्याचा. तो मी तिला मारला. ती पडली, तिनं तोंडावर हात आडवा घेतला, म्हणून मी हातावर मारला. एकदा मारून थांबले असते तर ‘तोल गेला’ म्हणता आलं असतं. मी थांबले नाही. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला, सुक्या काटकीसारखा, आणि त्यानंतरही मी मारलं. हे नीट ऐका — त्यानंतरही. डावाला चटणी होती, ती तिच्या डोळ्यांत गेली. रंगाची वाटी सांडली, आणि लाल कुठलं रंगाचं आणि कुठलं चटणीचं ते कळेना. तिच्या नाकातून रक्त येत होतं. ती ओरडत नव्हती. श्वास घ्यायला बघत होती आणि तो तिला मिळत नव्हता.

मग मी तिला न्हाणीत नेलं. तोंड धुतलं, डोळे धुतले, केस धुतले. धुताना माझं डोकं लख्ख चालत होतं. काय काय पुसायचं ते मला कळत होतं.

वरच्या मजल्यावर माझे धाकटे दीर राहतात, तालमीत वाढलेले. तिचं रडणं शेवटी फुटलं तसे ते धावत खाली आले. काय झालं, कुणी मारलं, म्हणून विचारू लागले. मी म्हणाले, “पाळणाघरातनं अशीच आणलीया.”

बस. एवढंच वाक्य. ते तोंडातून निघालं तेव्हा मला काही वाटलं का? सुटल्यासारखं वाटलं.

भाऊजी जुईपाशी उकिडवे बसले. अक्कानं मारलं का, म्हणून विचारलं. जुईनं त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. तिला उत्तर माझ्याकडून हवं होतं, आणि मी डोळ्यांनी ते दिलं. तिनं मान हलवली. पोरगी खोटं बोलायला शिकली ती त्या क्षणी, आईनं शिकवली.

हाड मोडलं होतं, दवाखान्यात प्लास्टर झालं. नवरा फौंड्रीतून थेट तिथंच आला, त्यालाही मी तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी तालमीतली चार पोरं घेऊन निघाले. मी घरी थांबू शकले असते. थांबले नाही. पाळणाघरात पोरं यायला लागली होती, आया दारात होत्या. तालमीतल्या पोरांनी आधी झोका तोडला. मग पाण्याचा पिंप आडवा केला, खेळण्यांचं कपाट पाडलं, भिंतीवरची चित्रं ओरबाडली. आत लेकरं किंचाळत होती. दुकानातून अक्काचा नवरा हात जोडत आला, म्हातारा माणूस. भाऊजींनी त्याच्या पोटात लाथ घातली, आणि तो पडल्यावर दोघांनी तोंडावर. त्याचे दात फरशीवर पडले, ते मी बघितले.

आणि मी अक्काचे केस धरले.

मला कुणी सांगितलं नव्हतं. पण खोटं बोलणाऱ्याला जरा जास्तच मारावं लागतं, नाहीतर लोकांना पटत नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी मारल्या, अख्ख्या गल्लीला ऐकू जातील अशा. तिचं डोकं मी दाराच्या चौकटीवर आपटलं. दोनदा. तिच्या कपाळातून रक्ताची धार लागली आणि भुवईवरून डोळ्यात उतरली. बाकीच्या आया बघत होत्या. एक-दोघी पुढं आल्या, तिला सोडवायला नाही, मारायला.

अक्कानं आदल्या संध्याकाळी जुईला वेणी घालून, धडधाकट माझ्या हाती दिली होती. म्हणजे आम्हा मायलेकींशिवाय खरं काय ते जगात तिला एकटीला पक्कं ठाऊक होतं. ती ओरडून सांगू शकत होती. कुणीतरी ऐकलं असतं, निदान शंका तरी घेतली असती. तिनं माझं मनगट धरलं, मला जवळ ओढलं आणि मला एकटीला ऐकू येईल असं बोलली.

“पोरीला परत हात लावू नका, ताई. माझं काय, मी जातो हितनं.”

आणि ते खरोखरच गेले. आठवड्याच्या आत पाळणाघर आणि दुकान दोन्ही बंद झालं. नवरा-बायको शिरोळकडे गेली म्हणतात. तक्रार केली नाही. ग्रुपवर आयांनी मला धीर दिला, तुझ्यामुळं आमची पोरं वाचली म्हणाल्या. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ती चटणी आम्ही वर्षभर खाल्ली. चांगली झाली होती.

त्यानंतर मी जुईला कधी मारलं नाही. हे मी गुण मिळावेत म्हणून सांगत नाही. न मारणं ही काय कमाई आहे?

जुई आता सहावीत आहे. हाडाचं काही राहिलं नाही. गेल्या महिन्यात शाळेत त्यांना सांगितलं, की लहानपणी ज्यांनी तुम्हाला सांभाळलं त्यांच्यासाठी स्वतःच्या हातानं काहीतरी करा आणि नेऊन द्या. ती जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा कापत बसली होती, रिक्षावाल्या मामांसाठी चौकट करत होती. तेच तिला शाळेत सोडतात. मी भाजी निवडत होते. आणि कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी विचारलं — मामांच्या आधी तुला कोण सांभाळायचं, आठवतं का?

काय ऐकायचं होतं मला? तिनं मला पकडावं असं वाटत होतं का? एवढ्या वर्षांनी आता तरी?

तिनं मानसुद्धा वर केली नाही. “ती पाळणाघरातली व्हय? माझा हात मोडला ती? दार लावून लाटण्यानं मारलेलं तिनं मला. अजून दिसती मला ती.”

ती खोटं बोलत नव्हती. तिला ते तसंच आठवतं. दार आहे, लाटणं आहे, मारणारीचा चेहरा आहे. अबोली, बांगड्या, उपाशी बसून राहणं — त्यातलं काही उरलेलं नाही. जिनं तिला जीव लावला, तिचीच तिला भीती वाटते, आणि पुठ्ठा कापताना ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती.

तिनं विचारलं, “तीच ना गं आई?”

मी म्हणाले, व्हय. तीच.