पाठीवरचा मातीचा पंजा

कोलशेतच्या एका कारखान्यात आगीच्या बंबावर माणसं घेणार होते. चाचणी सिंगल बारची होती: सहा वेळा हनुवटी बारच्या वर. हुकलो तर सोमवारपासून कल्याणला एका पेढीत कारकुनी. वडिलांनी जागा बोलून ठेवली होती. मला एका जागी बसवत नसे. जेवतानाही पाय हलत.

डोंबिवलीच्या आमच्या तालमीत सगळे तळवे आपल्याकडे, पंजे तोंडाकडे करून बार मारत. तसं केलं की दंडाची बेटकुळी फुगते आणि बघणाऱ्यांना दिसते. शिवाय घरची विहीर बिनरहाटाची, पाणी मीच शेंदत असे. ओढण्यात आपण तयार आहोत, असा माझा समज होता.

चाचणीला थोडे दिवस उरले तेव्हा कळलं, तिथे पंजे बाहेर लागतात. तसा लटकलो आणि अर्ध्यावर अडकलो.

“काय रे, बेटकुळी घरी विसरलास?” खालून मित्र ओरडला.

वस्तादांनी मला उतरवलं. “पंजे तोंडाकडे असले की दंडावर जास्त भार येतो. बाहेर असले की पाठीला ओढावं लागतं, काखेपासून कमरेकडे उतरते ती.”

“पण मी रोज पाणी शेंदतो, वस्ताद.”

“तिथे पोहरा वर येतो. इथे तुला यायचंय. शेंदून मनगटं आणि कंबर घडली, पाठ राहिली.” त्यांनी आखाड्यातली तांबडी माती ओली केली आणि माझ्या काखेखाली, पाठीवर पंजा उमटवला. “कोपरं बरगड्यांकडे आण. हा पंजा हलला पाहिजे.”

त्यानंतर मी दिसेल त्या वाशाला, चौकटीला लटकत होतो. सदऱ्यावरचे मातीचे डाग धुऊन आई वैतागली. “अरे, घर पाडशील!”

कोलशेतला माझं नाव पुकारलं. सवयीने पंजे तोंडाकडेच गेले.

“पंजे बाहेर!” परीक्षक ओरडले.

पकड बदलली. या वेळी पाठीनेच ओढलं, पण ती नवखी होती. सहाव्या वेळी हनुवटी बारच्या खालीच थांबली.

“उतरा.”

सोमवारी पेढीत स्टुलावर बसलो. दंड ठीक होते. काखेखाली, जिथे माती लावली होती, तिथे ठणकत होतं.

“सारखे का हलताय?” शेजारच्या कारकुनाने विचारलं.

“पाठ दुखते.”

“पहिल्याच दिवशी?” तो हसला आणि खाली मान घालून लिहू लागला.