दगाच्या वाटणीचं पाणी

सुरतेने धुरपदाबाईला दिलं काय, तर उधन्यात खाडीकाठची एक झोपडी. आणि नेलं काय, तर नवरा दगा. तो साड्या रंगवायच्या कारखान्यात खोकून खोकून झिजला आणि हिवाळ्यात गेला. मागे ती आणि लेक धनश्री. झोपडी तेवढी उरली, तीही कडुनिंबांच्या जिवावर.

त्याचं असं झालं, प्लेगने शहराची अब्रू चव्हाट्यावर आणली तेव्हा कुठे खाडीकाठ सुधारायला सरकारी पैसा मंजूर झाला. काठाने कडुनिंब लागले, राखणीला धुरपदाबाई लागली. मुकादम भिकन तिच्याच खानदेशातला. म्हणाला, "मावशी, झाडं जगाड. मंग तुनी झोपडीले कोनी हात लावाव नही." बाईने ते गाठीला बांधलं.

फाल्गुनात पाण्याचा टँकर बंद झाला. "वरथीन पैसाच उना नही," भिकनने हात वर केले. सरकारी पैसा म्हणजे लेकुरवाळी बाई. निघते खरी, पण पोचेल तेव्हा खरी. झाडांना कुठली तेवढी सवड? धुरपदाबाई खाडीचं पाणी उपसून घालू लागली. गावाकडे खरकट्या पाण्यावरही पपई फोफावते. पाणी ते पाणी. पण हे पाणी साड्या रंगवून आलेलं. पानं कडेने जळाली, मग गळाली. आपल्याच हाताने झाडं मारली हे उमगलं, तेव्हा ती काठावर बसून ऊर बडवून रडली.

मग नळाचं पाणी ती झाडांना घालू लागली, आणि प्यायचं धनश्री शेजारणींकडून मागून आणू लागली. शेजारणी तरी किती देणार? अखेर झोपडीसमोरच्या एकाच कडुनिंबावर चार पानं राहिली.

अशात अखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया आली. खानदेशात त्या दिवशी पितरांच्या नावाने नवी घागर भरतात. माणूस नुकतंच गेलेलं असेल तर ती चुकवायचीच नाही, तिकडे ते तहानलेलं राहतं. नळाला जेमतेम घागरभर पाणी आलं. धुरपदाबाईने घागर पुजली, बराच वेळ बघत बसली आणि उचलून बाहेर आली.

"धनश्रीना बाप, तुमनं पानी झाडले देस. घर वाचाडनं शे," ती म्हणाली आणि घागर बुंध्याशी रिती केली.

दुसऱ्याच दिवशी वरचा पैसा आला. वरातीमागून घोडं! टँकर आला, नवी रोपं आली, साहेब आले. भिकनने त्या कडुनिंबाची साल नखाने खरवडली. आत हिरवी होती.

"मावशी, हाई जित्तं शे!"

धुरपदाबाईने साहेबांचे पाय धरले. साहेब दुष्ट नव्हते, घाईत होते. "एक झाड रखके क्या करना? लाइन बिगडेगी. सब निकालो. ये झोपडी भी."

भिकनने तिच्याकडे न बघता कडुनिंब उपटला. मुळांना माती चिकटून आली. धुरपदाबाईने तो मातीचा गोळा पदरात धरला. ओला होता अजून.