दोरा मास्तरांची ओढ

दोरा मास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं. चौकात शिवणकामाचं दुकान, गळ्यात कायम टेप आणि अंगकाठी अशी की आत येताना दार पूर्ण उघडायची गरज नाही. लोकांनी एकदा गमतीने दोरा मास्तर म्हटलं आणि तेच चिकटलं. बायकोसुद्धा रागावली की म्हणायची, "अहो दोरा!"

मास्तरांचं एक गुपित होतं. त्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नसे. दोन्ही रंग त्यांना ओल्या चिखलासारखे दिसत. शिंप्याला हे असं असणं म्हणजे आचाऱ्याला जीभ नसण्यातला प्रकार. पण मास्तरांचं कधी अडलं नाही, कारण त्यांच्या दुकानाला लागूनच बायकोची पिठाची गिरणी होती. मध्ये एक भिंत. बाईंचा सगळा जन्म त्या घरघराटात गेलेला, त्यामुळे त्यांचा आवाज भिंतीला जुमानत नसे. "अहो! हिरवं रीळ डावीकडे, लाल उजवीकडे! सकाळीच लावून ठेवलीत!" असं पलीकडून आलं की मास्तर निमूट डावीकडे हात घालत. गिऱ्हाइकांना वाटे, नवरा-बायकोचं काहीतरी चाललंय.

गिरणीच्या मागच्या अंगणात पत्र्याखाली बाईंच्या वडिलांचा ट्रॅक्टर उभा होता. दोन सिलिंडरचा, वयाने बाईंपेक्षा थोरला. सासरेबुवांनी शेती सोडली तेव्हापासून तो जागचा हलला नव्हता. टायर जमिनीत रुतलेले, सीटमधून गवत उगवलेलं, आणि बॉनेटखाली कोंबड्यांचा सुखाचा संसार. सासरेबुवा रोज त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसत आणि आल्यागेल्याला सांगत, "चालायचा हो तो."

एके दिवशी भंगारवाला आला. त्याने ट्रॅक्टरच्या मडगार्डला बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "बुवा, हे धूड कशाला सांभाळताय? याच्या खिळ्यांनासुद्धा गंज लागलाय."

सासरेबुवांनी नुसतीच मान खाली घातली. ते बाईंनी गिरणीच्या खिडकीतून पाहिलं आणि त्यांचं टाळकं सरकलं. पिठाने माखलेल्या त्या बाहेर आल्या आणि असं काही गरजल्या की अंगणातल्या कोंबड्या छपरावर गेल्या. "धूड? अरे, हाच ट्रॅक्टर या वर्षी ओढीच्या शर्यतीत उतरणार आहे! ये बघायला!"

भंगारवाला गेला. दाराशी उभ्या असलेल्या मास्तरांनी हळूच विचारलं, "अगं, ओढीची शर्यत म्हणजे काय?"

बाईंनी समजावलं. ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी घसरगाडी जोडतात. तिच्यावर वजनाची एक मोठी पेटी असते. ट्रॅक्टर निघाला की ती पेटी हळूहळू पुढे सरकत येते, म्हणजे जितकं पुढे जाल तितकं ओझं वाढत जातं. शेवटी एक तर चाकं जागच्या जागी फिरत राहतात, नाहीतर ट्रॅक्टरचं नाक आभाळात जातं. जो सगळ्यांत लांब ओढेल तो पहिला.

"म्हणजे संसारच की," मास्तर म्हणाले.

"तुम्ही पाना आणा," बाई म्हणाल्या.

इंजिन पार जाम झालं होतं. सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओतून ठेवायचं आणि रोज सकाळी पहार लावून इंजिनाचं चाक थोडं हलवून बघायचं, असा बाईंचा उपचार. गिरणीचं जुनं तेलइंजिन त्यांनी असंच एकदा जिवंत केलं होतं. मास्तर रोज पहारीला लोंबकळत. चाक हलत नसे, मास्तरच हलत. त्यात एक कोंबडी बॉनेटखाली अंड्यांवर बसली, तेव्हा बाईंनी सगळं काम थांबवलं. "बाळंतीण आहे ती. तिला हात लावायचा नाही." मग पिल्लं बाहेर पडेपर्यंत मास्तरांनी नुसते पाने पुसले.

पिल्लं बाहेर पडली, आणि पुढच्याच आठवड्यात पहारीखाली चाक कुरकुरलं. मास्तर पाठीवर पडले. पडल्या पडल्याच ओरडले, "हललं! अगं, हललं!" इतक्या मोठ्याने ते आयुष्यात कधी ओरडले नव्हते. त्यांचं त्यांनाच कानकोंड्यासारखं झालं.

डिझेलचा पंप खोलून धुतला, नळ्या बदलल्या, बॅटरी आली. तरी इंजिन नुसतं खोकायचं. सासरेबुवा खुर्चीतून म्हणाले, "जावईबापू, त्याला शिवी दिल्याशिवाय तो सुरू होत नाही. मी रोज द्यायचो."

मास्तरांनी घसा साफ केला. "अहो... जरा सुरू व्हा ना."

"शिवी! विनंती नको!"

"गाढवा," मास्तर म्हणाले. मग राहवेना म्हणून पुढे जोडलं, "...साहेब."

शेवटी सासरेबुवा काठी टेकत उठले, रेडिएटरशी वाकले आणि त्याच्या कानात बोलावं तसं काहीतरी पुटपुटले. काय ते मास्तरांना कळलं नाही, पण बाई लाजेने लाल झाल्या आणि इंजिन धडाडलं. काळ्या धुराचा लोट उठला. शेजारणीचे वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागले. सासरेबुवा खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते.

आता शर्यतीसाठी त्याला घडवायचं होतं. इंजिनाला फार पळू न देणारी एक स्प्रिंग असते, ती बाईंनी बदलून कडक बसवली. त्यामुळे आधी हंबरणारा ट्रॅक्टर आता किंचाळायला लागला. उलटून पडू नये म्हणून मागे लोहाराकडून दोन छोटी चाकं जोडून घेतली. नाक खाली राहावं म्हणून पुढे वजन हवं होतं, तर बाईंनी गिरणीचे झिजलेले दगडच बोल्ट मारून बसवले. जात्याचे दोन गोल दगड पुढे लावलेला तो ट्रॅक्टर चष्मा घातल्यासारखा दिसायचा.

टायरच्या रबरी पट्ट्यांना धार असली, तरच त्या माती पकडतात. हे काम मास्तरांकडे आलं आणि इथे मात्र मास्तर रंगले. त्यांनी टेप काढली, टायरचं माप घेतलं, शिंप्याच्या खडूने प्रत्येक पट्टीवर तिरकी रेघ मारली आणि चाकू घेतला. फक्त एक चूक झाली. सवयीने त्यांनी सगळीकडे शिलाईसाठी अर्धा इंच जास्त सोडला.

"टायरला कुठली शिलाई?" बाईंनी विचारलं.

"पुढे-मागे सैल करावा लागला तर?" मास्तर म्हणाले, आणि मग पुन्हा सगळं कापत बसले.

चालवणार कोण, हा प्रश्नच नव्हता. बाईच. पण शर्यतीत ट्रॅक्टर आणि चालवणारा मिळून वजनाची मर्यादा असते. गिरणीच्या काट्यावर हिशेब केला, तर दगड ठेवायचे की बाई, असा पेच पडला. बाईंनी दगडांकडे पाहिलं, मग दारात उभ्या मास्तरांकडे पाहिलं. मास्तर एक पाऊल मागे सरकले.

"अहो, तुमचं वजन म्हणजे शून्यच. तुम्हीच बसा."

"मला मशीन सोडून काही चालवता येत नाही गं."

"हेही मशीनच आहे."

"आणि झेंडे? हिरवा हलला की निघायचं, लाल हलला की थांबायचं म्हणतात. मला दोन्ही सारखेच!"

"मी आहे ना ओरडायला," बाई म्हणाल्या, आणि त्यात शंका घेण्यासारखं काहीच नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी मैदानावर ही गर्दी. एकीकडे कापडी तंबूत निवेदक माइक घेऊन बसलेला, समोर चहाचा थर्मास. मातीचा सरळ पट्टा, शेवटी चुन्याची रेघ. वजनाच्या काट्यावर मुख्य पंचांनी ट्रॅक्टर पाहिला आणि ते थबकले. "हे दगड चालणार नाहीत. सगळे लोखंड लावतात."

इथेच घोळ झाला. बाईंनी नियमांचा कागद मागून घेतला. "यात 'वजन' लिहिलंय. लोखंड कुठे लिहिलंय? दाखवा! दगडाला वजन नसतं का? पायावर घेऊन बघता?" त्या बोलल्या, पंच बोलले, त्या आणखी मोठ्याने बोलल्या. मैदानाच्या दुसऱ्या टोकाचे लोक यायला लागले. पंचांनी शेवटी कानांवर हात ठेवून मान डोलावली. बाई जिंकल्या. विजयाने मास्तरांकडे वळून त्यांनी तोंड उघडलं आणि आतून फक्त "कुई" एवढंच निघालं.

आवाज बसला होता. पार बसला होता. ज्या घशाने गिरणीला हरवलं तो पंचांनी हरवला.

मास्तर तेव्हा सीटवर चढून बसले होते. इंजिन चालू, घसरगाडी जोडलेली, त्यांना यातलं काहीच माहीत नाही. समोर झेंडेवाला उभा राहिला आणि त्याने झेंडा हलवला. मास्तर बाईंच्या आवाजाची वाट बघत बसले. बाई कडेला उभ्या राहून दोन्ही हात हवेत फिरवत होत्या. मास्तरांना वाटलं, माश्या फारच आहेत आज. झेंडेवाला हलवून हलवून थकला, त्याने हात बदलला. शेवटी सगळी गर्दी ओरडली, "मास्तर, निघा!" तेव्हा मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. झेंडा हलला की निघायचं! एवढं सोपं!

त्यांनी क्लच सोडला.

ट्रॅक्टर किंचाळत निघाला. कापलेले टायर मातीत असे बसले की मागे ढेकळांचा पाऊस. वजनाची पेटी पुढे सरकायला लागली, इंजिनाचा आवाज दाटून आला, पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली. मास्तरांना आता फक्त आकाश दिसत होतं. त्यांनी चाक घट्ट धरलं; पण आत कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. दगडांनी नाक खाली आणलं. पुन्हा वर. पुन्हा खाली. मास्तर हसायला लागले. तंबूतला निवेदक ओरडत होता, "काय ओढतोय! काय ओढतोय हा चष्मेवाला!"

चुन्याची रेघ आली. पलीकडचा झेंडेवाला जिवाच्या आकांताने झेंडा हलवत होता. झेंडा हलला की निघायचं. मास्तरांनी वेग वाढवला.

झेंडेवाल्याने उडी मारून जीव वाचवला, तेव्हा मास्तरांना कळलं की काहीतरी चुकलंय. आता थांबायला हवं. त्यांनी आयुष्यभर मशीन थांबवलं तसंच केलं: दोन्ही पाय उचलले आणि उजवा तळहात चाकावर दाबून धरला. शिवणयंत्र असतं तर जागीच थांबलं असतं. पण हे स्टिअरिंगचं चाक होतं. ट्रॅक्टर उजवीकडे वळला. पट्ट्याबाहेर ओलं गवत, त्यावर घसरगाडी लोण्यावरून सरकावी तशी मागे आली. उजवीकडे तंबू होता.

निवेदक हाडाचा निवेदक. त्याने माइक सोडला नाही. "आणि आता तो वळलाय... आता तो इकडे येतोय... मंडळी, तो माझ्याकडेच येतोय!" मग कापड फाटल्याचा आवाज झाला. तंबूचा दोर दगडांत अडकला आणि अख्खा तंबू ट्रॅक्टरबरोबर निघाला. निवेदक माइकची वायर तुटेपर्यंत बोलत मागून चालत होता.

बाई धावत आल्या, पायरीवर चढल्या, नवऱ्याच्या अंगावरून हात घालून त्यांनी इंजिन बंद करायचा दांडा ओढला. सगळं शांत झालं. कापडाखालून निवेदकाचा थर्मास गडगडत बाहेर आला.

अंतर सगळ्यांत जास्त मास्तरांचंच होतं. पण लाल झेंड्याला थांबले नाहीत म्हणून पंचांनी त्यांना बाद केलं. भांडायला बाईंना आवाज नव्हता, आणि पंचांनी निकाल जरा घाईनेच दिला तो याचमुळे, असं बरेच जण म्हणाले. मास्तर खाली उतरले. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "साहेब, मला लाल-हिरवं कळत नाही. कधीच कळलं नाही. तंबू मी शिवून देईन."

त्या संध्याकाळी गावभर कपाटं उघडली. लोक उजेडात कपडे धरून बघत होते. पोस्टमनला आपल्या करड्या कोटाचं अस्तर अर्धं लाल आणि अर्धं हिरवं असल्याचं कळलं. सुताराच्या एका पॅन्टची बटणं दोन रंगांची निघाली. मास्तरांना वाटलं, आता दुकान बसलं. पण दुसऱ्या दिवशी पोस्टमन कोट घेऊन आला आणि म्हणाला, "मास्तर, बदलू नका. उलट पुढच्या कोटालाही असंच करा. लोक बघायला मागताहेत."

बाईंचा आवाज काही दिवस परतला नाही. एकदा जेवताना त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या आणि कुजबुजल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच. "छान ओढलंत हो."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "काय म्हणालीस?"

"ऐकलंत ते. पुन्हा नाही म्हणणार."

पुढच्या हंगामात मास्तर पुन्हा उतरले. पंचांनी त्यांच्यासाठी झेंड्याऐवजी शिटी ठेवली होती, आणि सासरेबुवांनी सकाळी रेडिएटरपाशी जे काही बोलायचं ते बोलून ठेवलं होतं. पाच ट्रॅक्टरांत मास्तर चौथे आले. पाचव्याचं इंजिन सुरूच झालं नव्हतं, पण ते मास्तरांनी कोणाला सांगितलं नाही.

घरी जाताना ट्रॅक्टर रस्त्यानेच न्यायचा होता. एका मडगार्डवर बाई, दुसऱ्यावर सासरेबुवा झोपलेले, मध्ये मास्तर टोपी तिरकी करून. वेग इतका बेताचा की कडेने चालणारा एक माणूस पुढे निघून गेला. मागे मोटारींची लांबच लांब रांग लागली. मग एकाने हॉर्न वाजवला. दुसऱ्याने वाजवला. पाहता पाहता सगळ्यांनीच वाजवायला सुरुवात केली.

मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांनी मागे वळून टोपी काढली आणि हात हलवून सगळ्यांचे आभार मानले.